एमए इंग्लिश करू का विचारणाऱ्यांसाठी, आणि मुख्य म्हणजे त्या भाषेच्या पेपरबद्दल

टीवायचे रिझल्ट लागले की माझ्या इनबॉक्समध्ये दरवर्षी तेच सुरू होतं. ताई एमए इंग्लिश करू का, ताई स्कोप आहे का, माझं सगळं मराठी मिडियममधून झालंय मला झेपेल का, मॅडम नोट्स आहेत का (हे शेवटचं सगळ्यात जास्त). प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करत बसते आणि मग अर्ध्यांना द्यायचं राहूनच जातं, म्हणून आता एकदाच सगळं इथं टाकते. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

मी निफाड तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी मिडियम, एमए जिल्ह्यातल्याच एका कॉलेजातून आणि आता सीएचबीवर शिकवते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर रामराम. त्यामुळे स्कोपबद्दल मी तुम्हाला गुलाबी काही सांगणार नाही, पण त्यावर नंतर येते.

पहिलं म्हणजे घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवा, की एमए इंग्लिश केलं म्हणून फाडफाड इंग्लिश बोलता येत नाही. दोन वर्षात तुम्हाला इंग्लिश बोलायला कोणी शिकवत नाही, तो विषयच नाहीये. उलट आमच्या इकडं तर वर्गात शिकवतात ते निम्मं मराठीत, म्हणजे "तर मग हॅम्लेट इथं डिले का करतोय, बरोबर? त्याला करायचंय पण तो करत नाहीये" असं. आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही, समजतं ना, मग झालं. पण घरच्यांना हे पटत नाही. आमच्या मामांची द्राक्षं युरोपला जातात, त्यांनी एकदा लॅबचा रेसिड्यू रिपोर्ट माझ्यापुढं टाकला, तू इंग्लिशची एमए ना, वाच बरं. मी वाचला आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, सगळी औषधांची नावं आणि पुढं मिलिग्रॅम पर किलो. मामांना मात्र सगळं कळत होतं, सातवी पास माणूस, कोणतं औषध लिमिटच्या वर गेलंय ते त्यांनी बोटानं दाखवलं. भाषाशास्त्रात याला रजिस्टर म्हणतात, म्हणजे ज्या त्या धंद्याची त्याची त्याची इंग्लिश असते. हे मला नंतर त्या पेपरमध्ये शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा मामाच आठवले.

आता कोर्स कसा असतो ते भराभर सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडं दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं झालंय. त्यात कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा, भाषाशास्त्र हे नेहमीचं आहेच, शिवाय पहिल्या वर्षी रिसर्च मेथडॉलॉजी आणि ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा त्याऐवजी फील्ड प्रोजेक्ट, आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट. ओजेटी हा प्रकार आमच्याकडं फार गमतीचा चालतो. मेकॅनिकलवाल्याला कंपनीत पाठवता येतं पण शेक्सपिअर शिकणाऱ्या पोराला तालुक्याच्या गावात कुठं पाठवायचं? मग कोणी इंग्लिश मिडियम शाळेत, कोणी साप्ताहिकाच्या ऑफिसात, कोणी लायब्ररीत, आणि एक पोरगा ट्रॅव्हल एजन्सीत बसला होता. खरं सांगू का, त्याचाच रिपोर्ट सगळ्यात भारी होता, कारण तो रोज व्हिसा फॉर्मची इंग्लिश वाचत होता आणि लोकांना ती मराठीत समजावून सांगत होता.

पहिल्या दिवशी पहिल्या तासाला काय शिकवावं असं मला कोणी विचारलं (विचारत नाही कोणी, सीएचबीला कोण विचारतो) तर मी सांगेन की हा विषय आपल्याकडं आला कसा ते सांगा. बहुतेक पोरांना वाटतं ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शेकडो वर्षं इंग्रजी साहित्य शिकवत असतील आणि तिथून ते आपल्याकडं आलं असेल. तसं नाहीये. तिकडं शिकलेला माणूस म्हणजे ग्रीक आणि लॅटिन शिकलेला माणूस, आपल्याच भाषेतल्या कविता-नाटकांना कॉलेजात बसून काय शिकायचं असा त्यांचा रुबाब होता. ऑक्सफर्डमध्ये इंग्लिशची स्वतंत्र ऑनर्स स्कूल १८९४ मध्ये सुरू झाली, केंब्रिजची इंग्लिश ट्रायपॉस (तिथल्या ऑनर्स पदवीला ट्रायपॉस म्हणतात) १९१७ मध्ये. आणि आपल्याकडं? मेकॉलेचं ते मिनिट, म्हणजे इथं इंग्रजी शिक्षण आणा असं सांगणारं सरकारी टिपण, १८३५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे मुंबई-पुण्याची पोरं इंग्रजी साहित्य परीक्षेसाठी घोकत होती तेव्हा ऑक्सफर्डमध्ये तो विषयच नव्हता. गौरी विश्वनाथन यांनी यावर १९८९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय, की राज्यकर्त्यांना इथं थेट धर्म शिकवता येत नव्हता म्हणून त्यांनी तेच संस्कार साहित्यातून द्यायचं ठरवलं. सगळं पटायलाच पाहिजे असं नाही पण वाचाच.

आणि पुण्याचं बघा ना. डेक्कन कॉलेजचा एक प्रिन्सिपॉल म्हणजे कवी वर्ड्सवर्थचा सख्खा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्सवर्थच. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे चिपळूणकर डेक्कन कॉलेजचेच. आगरकरही तिथलेच, आणि कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ मध्ये त्यांना आणि टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात टाकलं तेव्हा या माणसानं तिथं काय केलं, तर हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं. १८८३ ला ते विकारविलसित नावानं छापून आलं. जेलमध्ये बसून हॅम्लेट! आणि आमची पोरं एसी लायब्ररीत बसून मूळ नाटक न वाचता गाईडमधला सारांश पाठ करतात. असो.

गाईडवरून आठवलं. साहित्याच्या पेपरचं दुखणं सगळ्यांना माहितीये. परीक्षेच्या आदल्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाईंडिंग केलेल्या नोट्स मिळतात, त्या कोणाच्या कोणालाच माहीत नाही, बॅचमागून बॅच त्यांच्याच झेरॉक्सवर झेरॉक्स काढते आणि शेवटी अक्षरं पुसट होऊन मिल्टनचं काय झालंय ते मिल्टनलाच माहीत. पास व्हाल त्याच्यावर, अगदी पंचावन्न टक्केपण पडतील. पण मग दोन वर्षं कशाला घालवायची, तेवढ्यात दुसरं काहीतरी करा.

साहित्यातला एकच तास सांगते, कारण बाकीचे तास छान होते पण हा अजून डोक्यातून गेलेला नाही. इंडियन इंग्लिश पोएट्रीमध्ये आम्हाला अरुण कोलटकरांची जेजुरी होती. १९७६ चं पुस्तक, ७७ ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालेलं. पुण्या-मुंबईच्या भारीतल्या कॉलेजात जेजुरी शिकवणं वेगळं आणि आमच्या वर्गात वेगळं, कारण आमच्यातल्या निम्म्या पोरांचं कुलदैवतच खंडोबा. लग्न झालं की जेजुरी, जागरण-गोंधळ, तळी भरायची, भंडारा उधळायचा, हे सगळं केलेली पोरं. माझ्या शेजारी बसणारी मालेगावकडची, तिचं तर चंदनपुरी जवळ, बाणाईचं गाव, तिला म्हाळसा-बाणाईच्या भांडणाची गाणी तोंडपाठ. आणि सर इंग्लिशमधून समजावतायत की खंडोबा हा एक लोकदेव असून त्याला दोन बायका आहेत. ती माझ्याकडं बघून हसायला लागली, सर म्हणाले काय झालं, तर ही म्हणते काही नाही सर, चालू द्या.

पहिलीच कविता एसटीच्या प्रवासाची आहे. खिडक्यांना ताडपत्रीचे पडदे, बटणं लावून बंद केलेले, बाहेरचं काही दिसत नाही आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात स्वतःचाच तोंडवळा दोन तुकड्यात दिसतोय. वर्गातल्या प्रत्येकानं एसटीनं प्रवास केलेला, सगळे रोज पासावर येणारे, त्यामुळे इथपर्यंत सगळं जमलं. भांडण पेटलं ते म्हातारीच्या कवितेवर. म्हातारी बाही धरते, पन्नास पैसे मागते, घोड्याच्या टापेची जागा दाखवते म्हणते, कवितेतला प्रवासी म्हणतो मी ती आधीच बघितलीये, ती काही बाही सोडत नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला सर हा माणूस आमच्या देवाला आलाच कशाला, याला ना नवस फेडायचा ना भंडारा घ्यायचा, हा नुसता बघत फिरतोय. सरांनी फळ्याकडं पाठ केली आणि म्हणाले हे तू बोललास ते भालचंद्र नेमाडे आधीच बोलून गेलेत. आणि खरंच, नेमाड्यांचा आक्षेप हाच आहे, की कोलटकर जेजुरीला मुंबईच्या वीकेंड टुरिस्टसारखे येतात आणि जातात. पोरगा असला खूश झाला, ज्ञानपीठवाल्याचं आणि आपलं मत जुळलं म्हटल्यावर कोण होणार नाही.

पण माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. टुरिस्ट आहेच तो, पण त्यामुळेच त्याला आम्हाला न दिसणाऱ्या गोष्टी दिसल्या. एक कविता नुसत्या दारावर आहे, जुनं जड दार, एका बिजागरीवर लटकलेलं, आणि कोणीतरी त्याच्यावर चड्डी वाळत टाकलीये. आता आम्ही इतक्या वेळा जेजुरीला गेलो, आमच्यापैकी कोणी कधी एखाद्या दाराकडं बघितलंय का? आम्ही येळकोट येळकोट करत वर जातो, रांगेत उभं राहतो, दर्शन घेतो, खाली येऊन मिसळ खातो. भक्ताला देव दिसतो, दार दिसत नाही. आणि ती मालेगावची पोरगी काय म्हणाली सांगू, ती म्हणाली मला म्हातारी पटली, कारण माझी आजी अगदी तश्शीच भांडते पैशासाठी आणि तिला कोणी गरीब बिचारी म्हटलेलं तिला चालत नाही. कवितेतही शेवटी म्हातारीपुढं हाच माणूस चिल्लर होऊन जातो ना. हे तिनं गाईड न वाचता सांगितलं, आणि परीक्षेत लिहिलंसुद्धा. कल्चरल स्टडीज म्हणून जो वेगळा पेपर असतो ना, ज्यात फ्रेंच लोकांची नावं पाठ करून जीव जातो, तो त्या एका तासात निम्मा शिकवून झाला होता असं मला वाटतं.

तसंच बेबी कांबळेंचं जिणं आमचं माया पंडितांच्या इंग्लिश भाषांतरातून आणि लिंबाळेंचं अक्करमाशी इंग्लिशमधून, हेसुद्धा अनेक ठिकाणी सिलॅबसला असतं. मूळ मराठी हाताशी असताना आपण ते इंग्लिशमधून वाचायचं आणि इंग्लिशमधून उत्तर लिहायचं, जरा विचित्र वाटतं पण करा, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, इंग्लंड-अमेरिकेतल्या पोराला हे करता येणार नाही.

आणि आता मुद्द्यावर येते, ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले.

भाषेचा पेपर. लिंग्विस्टिक्स, फोनेटिक्स, स्टायलिस्टिक्स, तुमच्याकडं जे नाव असेल ते. ऑप्शन असला की पोरं पळतात. कंपल्सरी असला तर रडतात. सीनियर सांगतात अगं तो नको घेऊ, स्कोरिंग नाहीये, चिन्हं पाठ करावी लागतात. शिकवणारेही पुष्कळदा पाट्या टाकतात, त्यांना स्वतःला कवितेचं वेड असतं आणि हा पेपर गळ्यात पडलेला असतो. आणि मी म्हणते मराठी मिडियमच्या पोरांनी डोळे झाकून घ्यावा असा हाच एक पेपर आहे, कारण इथं तुम्ही इंग्लिश मिडियमवाल्यांच्या मागं नाही, पुढं आहात. कवितेत तो कॉन्व्हेंटवाला तुमच्या आधी वीस वर्षं इंग्लिश ऐकून आलाय, तिथं तुमची त्याची बरोबरी व्हायला वेळ लागणार. इथं मात्र तुमच्या तोंडात आधीच सगळा माल आहे.

साधं उदाहरण. आमच्या मॅडमनी वहीची एक पट्टी फाडली, तोंडासमोर धरली आणि पिन म्हणाल्या, अगदी साहेबासारखं. पट्टी हलली. मग स्पिन म्हणाल्या, नाही हलली. इंग्लिश माणूस पिनमधला प हवा सोडून म्हणतो आणि स्पिनमधला हवा न सोडता, आणि गंमत म्हणजे त्याला हे स्वतःला माहीतच नसतं, कारण त्याच्या दृष्टीनं दोन्ही एकच आवाज. मग मॅडमनी आम्हाला सांगितलं पळ म्हणा. नाही हलली. आता फळ म्हणा, जुन्या माणसांसारखं ओठ मिटून, दात न लावता. हलली! आपल्याकडं त्या हवेनं अर्थच बदलतो, पळ वेगळं आणि फळ वेगळं, ताप वेगळा आणि थाप वेगळी, आणि त्याला वेगवेगळी अक्षरं आहेत जी आपण बालवाडीत गिरवली. फोनीम (ज्यानं अर्थ बदलतो तो आवाज) आणि ॲलोफोन (एकाच फोनीमचे अर्थ न बदलणारे वेगवेगळे उच्चार) म्हणजे काय हे पुस्तकात चार पानं वाचून कळत नाही ते इथं एका कागदाच्या पट्टीत कळतं. आणि आपण पिन म्हणतो तेव्हा इंग्रजाच्या कानाला ते बिन का वाटू शकतं तेही कळतं. आपला उच्चार गावठी वगैरे काही नसतो हो, नुसती हवा कमी पडते.

दुसरं. चार आणि चारा. अक्षर तेच, आवाज दोन, चार म्हशींना चारा म्हणताना जीभ दोन वेगळ्या जागी लागते. शाळेत हे कोणी शिकवलं होतं का? कोणीच नाही, आणि तरी मराठी घरातलं चार वर्षांचं पोरगं चुकत नाही, आणि बाहेरून आलेला माणूस वीस वर्षं इथं राहिला तरी चाराला पकडला जातो.

तिसरं मला सगळ्यात आवडतं ते. हिंदीवाले वीडियो लिहितात आणि आपण व्हिडिओ लिहितो. का? इंग्लिशमध्ये व्हॅनचा आवाज दात ओठावर टेकवून आणि वॉचचा आवाज ओठ गोल करून, दोन वेगळे. आपल्याला मराठीत एकच व आहे, तो धड हाही नाही धड तोही नाही, म्हणून बोलताना आपण दोन्हीकडं तोच वापरतो आणि इंटरव्ह्यूत हसं होतं. पण लिहिताना बघा, व्हॅन, व्होट, व्हायरस एकीकडं आणि वॉच, वायर, वेटर एकीकडं! म्हणजे कानाला फरक कुठंतरी कळलाय आणि कोणीतरी कधीतरी ह जोडून तो कागदावर सोडवलाय. मग व्हॉट्सॲप आणि व्हाईटमध्ये ह का आला, तर तिथं तो स्पेलिंगमधल्या एचवरून आलाय. या एवढ्याशा गोष्टीवर अख्खी असाइनमेंट होते, आणि लायब्ररीत जायची पण गरज नाही, दुकानांच्या पाट्या वाचत बाजारातून एक चक्कर मारा.

व्याकरणाचं तर विचारूच नका. नववी-दहावीत कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग होते आठवतंय? तेव्हा आपण शिव्या घालत पाठ केले. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली. बोलणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद आंब्याकडं आणि चिंचेकडं बघतं. पण मी आंबा खातो, मी आंबा खाते, इथं लगेच बोलणाऱ्याकडं बघायला लागतं. भूतकाळात एक नियम आणि वर्तमानात दुसरा. याला भाषाशास्त्रात स्प्लिट अर्गेटिव्हिटी म्हणतात आणि परदेशातल्या वर्गात हे समजावून सांगायला जॉर्जियनसारख्या भाषेतली उदाहरणं फळ्यावर काढतात. आपण ते जेवताना बोलतो. त्यातही मराठीची खोडी अशी की तिनं खाल्ला, त्यानं खाल्ला याला नं लागतो पण मी आणि तूला लागत नाही, आणि तू म्हटलं की तू आंबा खाल्लास, म्हणजे क्रियापद आंब्याकडंही बघतंय आणि शेवटी स लावून तुझ्याकडंही बघतंय. हे वर्गात आलं तेव्हा एरवी कधी तोंड न उघडणारी पोरं उदाहरणांवर उदाहरणं देत होती आणि इंग्लिश मिडियमची टॉपर वहीत उतरवून घेत होती. मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

जाता जाता, शाळेत आपल्याला कर्मणी म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस असं जे सांगतात ते डोक्यातून काढून टाका. रामानं आंबा खाल्ला यात पॅसिव्ह काही नाही, राम तिथंच कर्ता म्हणून ठणठणीत उभा आहे. आंबा खाल्ला गेला, हे पॅसिव्ह. यामुळे भाषांतराच्या पेपरमध्ये दरवर्षी पोरांचे मार्क जातात.

बरं आता ते स्कोप. नेट-सेटशिवाय (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, नेट देशाची आणि सेट राज्याची) सीनियर कॉलेजात कायमचं काही होत नाही, २०२३ च्या जुलैपासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी सक्तीची नाही पण नेट किंवा सेट पाहिजेच. त्याला बसायला एमएला ओपनमधून ५५ टक्के लागतात, आरक्षणात ५०. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, प्रत्येकी दोन मार्क, दोन्ही मिळून तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. सिलॅबस दहा युनिटचा आहे, त्यात नाटक, कविता, कथा-कादंबरी आणि निबंधगद्य अशी साहित्याची चारच, बाकी भाषा, भारतातली इंग्लिश, कल्चरल स्टडीज, समीक्षा, थिअरी आणि रिसर्च. म्हणजे भाषा आणि संस्कृती टाळून नुसत्या कादंबऱ्यांवर नेट निघणार नाही, आणि तरी क्लासवाले सहा महिने चॉसरपासून सनावळ्या घोकून घेतात. कोणतं नाटक आधी कोणतं नंतर, जोड्या लावा, चढत्या क्रमानं लावा. हे करताना साहित्य म्हणजे एसटी स्टँडवरचं वेळापत्रक वाटायला लागतं. करावं लागतं, करा, पण त्यालाच अभ्यास समजू नका. आणि परीक्षेचाही भरोसा नाही, २०२४ मध्ये १८ जूनला झालेली नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली होती आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात घेतली, लाखो पोरं लटकली.

आणि नेट निघालं की नोकरी लागते का? नाही. लगेच तर नाहीच. सीएचबी, इंग्लिश मिडियम शाळा, स्पोकनचे क्लास, कंटेंट रायटिंग, सबटायटल, भाषांतर, नाहीतर सगळं सोडून एमपीएससी, माझ्या बॅचची पोरं याच्यातच कुठं कुठं आहेत. एक जण द्राक्षाच्या एक्सपोर्ट कंपनीत ईमेल लिहायला आहे आणि पगार माझ्यापेक्षा जास्त घेतो. घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षांनी लगेच पैसे हवेत, तर हे करू नका, किंवा बाहेरून करा आणि सोबत काहीतरी कमवा. हे कोणी स्पष्ट सांगत नाही कारण ॲडमिशनचा टार्गेट असतो.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी प्रोजेक्टला विषय घेताना तरी डोकं लावा. दरवर्षी तेच, अमुक लेखिकेच्या कादंबऱ्यांतील स्त्रीवाद, तमुक नाटकातील अस्तित्ववाद, नावं बदलायची आणि आतला मजकूर इकडून तिकडून. मागच्या वर्षी एक मुलगी माझ्याकडं आली, विषय सुचत नाही म्हणून. तिला म्हटलं घरात कान उघडे ठेव आठवडाभर आणि इंग्लिश शब्दांना प्रत्यय कसे लागतात ते लिहून आण. ती वही भरून घेऊन आली. आपले जुने इंग्लिश शब्द सामान्यरूप घेतात, म्हणजे प्रत्यय लागताना त्यांचं रूप बदलतं, कोर्टात, टेबलावर, ग्लासात, पेपरात, बँकेत, लायनीत, फायलीत. नवे घेत नाहीत, मॉलमध्ये, लॅपटॉपवर, ॲपमध्ये, ॲपात कोणी म्हणत नाही. पण तिची आजी मोबाईलात म्हणते, आई मोबाईलमध्ये म्हणते. म्हणजे शब्द कधी आला एवढ्यावर नाही, बोलणारा कोण आहे त्याच्यावरही आहे. तिनं वाड्यातल्या तीन पिढ्यांना बोलतं केलं, सरळ विचारलं की लोक शहाण्यासारखं बोलतात म्हणून गप्पा मारत मारत नोंदी घेतल्या. आणि मग ती एका ठिकाणी अडली. बँक पण जुनी आणि बस पण जुनी, दोन्ही स्त्रीलिंगी, मग बँकेत म्हणतो आणि बसमध्ये का म्हणतो? तिचं म्हणणं, बशीत म्हटलं तर माणूस कपबशीत जाईल. मला ते पूर्ण पटलं नाही कारण कारमध्येही आपण कारेत म्हणत नाही आणि तिथं कोणती कपबशी आडवी येत नाही, पण तिनं दोन्ही बाजू लिहिल्या आणि खाली लिहिलं की याला आणखी डेटा लागेल.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सुरुवातीलाच नाक मुरडलं, हा इंग्लिशचा विषय आहे की मराठीचा. पोरगी घाबरली नाही, म्हणाली सर, इंग्लिश शब्द मराठीत येऊन राहायला लागल्यावर त्यांचं काय होतं हा विषय आहे. त्यांनी मग तिचा शब्दांचा तक्ता उघडला, वाचता वाचता सायकलपाशी थांबले. तिनं लिहिलं होतं सायकलवर आणि सायकलीवर दोन्ही चालतं. ते म्हणाले आमच्याकडं सायकलीवरच म्हणतात, दुसरं ऐकलेलं नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या छे, सायकलवर. तुमच्याकडं म्हणजे कुठं सर? आणि मग दोघांचं जे काही सुरू झालं, आजी काय म्हणायची, वडील काय म्हणायचे, कोणत्या तालुक्यात काय, त्यात पोरीला आणखी एकही प्रश्न विचारायचा राहिला.